हिरकणीचा तंग

"तंग? घोडीचा तंग? माझ्या सुनेच्या कमरेला?"

"मग काय तुझ्या कमरेला बांधू? दुखतंय कुणाचं?"

"लोक सुनेला सोन्याचा कंबरपट्टा करतात. आमच्याकडं बघा! आणि तोही घोडीनं वापरलेला!"

"हिरकणीनं अकरा वर्षं वापरला. एक धागा सुटलेला नाही. बघ, हात लावून बघ."

"मी कशाला हात लावू? अहो, पोटुशी बाई घोड्याची पिछाडीसुद्धा ओलांडत नाही. नुसता दोर ओलांडला तर पोर बारा महिने पोटात राहतं. तुम्ही तर अख्खा तंगच आवळायला निघालात!"

"बारा नव्हे."

"काय बारा नव्हे?"

"घोडी बारा महिने राहत नाही. अकरा. फार तर पाच-दहा दिवस इकडंतिकडं."

विजयमालाबाईंनी कपाळाला हात लावला. बाबाजीपुऱ्यातल्या जगदाळ्यांच्या ओसरीवर त्या दिवशी हे एवढं चाललं होतं, आणि जिच्या कमरेवरून चाललं होतं ती कुसुमावती माजघराच्या दाराआड उभी होती. एक हात चौकटीला, दुसरा पाठीमागं कमरेवर. पदर डोक्यावर. पदराआड हसू.

हसू आलं म्हणून कळ थांबत नव्हती. सातवा महिना होता. तीन आठवड्यांपासून कमरेच्या खालच्या मणक्यात कुणीतरी खिळा ठोकावा तसं व्हायचं. उठताना ठोकायचं, बसताना ठोकायचं, आणि उभं राहिलं की ठोकत राहायचं. आणि कुसुमचं तर कामच उभं राहायचं.

ती मास्तरीण होती. मुलींनाही शाळा सक्तीची होऊन बडोद्यात सात-आठ वर्षं झाली होती. शाळा वाढल्या, पण शिकवायला बायका मिळेनात. कुसुम लग्नाआधी वाईला सातवीपर्यंत शिकलेली. नवरा मानसिंगराव डभोईला रेल्वेत, शनिवारी येणार, सोमवारी जाणार. मधल्या दिवसांत ही ट्रेनिंग कॉलेजात जाऊन शिकली आणि रावपुऱ्यातल्या मुलींच्या शाळेत तिसरीवर लागली. मराठ्याची सून शाळेत जाते म्हणून आळीत आठ दिवस चर्चा झाली. नवव्या दिवशी चर्चा करणाऱ्यांच्याच मुली तिच्या वर्गात येऊन बसल्या.

नोकरी मात्र अजून हंगामी होती. डिपोटीसाहेब वर्ग तपासायला येणार, बाई स्वतः वर्गावर उभी असणार, मुली पास होणार, मग बाई कायम. बाई हजर नसली तर ज्या दुसऱ्या बाईनं त्या दिवशी वर्ग सांभाळला, तिचं नाव वर जाणार. डिपोटी यायला अठरा दिवस होते.

आणि सातवा महिना संपायला दहा.

खरी गाठ इथं होती. पहिलं बाळंतपण माहेरी, हे विजयमालाबाईंच्या लेखी ठरलेलं. आठव्यात पोटुशीनं प्रवास करायचा नाही, हेही ठरलेलं. म्हणजे वाईला जायचं तर दहा दिवसांच्या आत. कुसुमनं आतापर्यंत "नंतर बघू, आईसाहेब" म्हणत दिवस काढले होते. पण कंबर धरून तिला चालताना पाहिल्यापासून सासूबाईंच्या हातात आयतंच कारण आलं.

"कमरेला एकच औषध," त्या म्हणाल्या, "पडून राहायचं. इथं शाळा ती पडू देणार नाही. माहेरी आई उठू देणार नाही. संपलं."

"पडून राहायचं!" दत्ताजीराव उसळले. "मला विचार पडून राहायचं काय असतं ते!"

हे विचारायची गरज नव्हती. घरात सगळ्यांना पाठ होतं. दत्ताजीराव सरकारी पागेत स्वार होते. एका परेडीत त्यांची घोडी हिरकणी घसरली आणि हे पाठीवर आपटले. हकिमानं सांगितलं, तीन महिने पलंग सोडू नका. यांनी सोडला नाही. तीन महिन्यांनी उठले तेव्हा पाठ खांबासारखी ताठ झाली होती आणि हिरकणीवर दुसराच स्वार बसला होता. घोडी सरकारची, खोगीर सरकारचं. खोगीर पाठीवर घट्ट बसावं म्हणून घोडीच्या पोटाखालून आवळतात तो तंग तेवढा त्यांनी स्वतः विणून घेतलेला. तोच घेऊन ते घरी आले. तेव्हापासून तो ओसरीवरच्या खुंटीला होता. दर दसऱ्याला त्याची पूजा व्हायची आणि दर दिवाळीला विजयमालाबाई तो टाकून द्या म्हणायच्या.

"तिला सांग," दत्ताजीराव आता जरा खालच्या आवाजात म्हणाले, "गाभण घोडीलासुद्धा आम्ही बांधून ठेवत नाही. समा गावाच्या वाटेवरच्या कुरणात रोज फिरवून आणतो. सांग तिला."

"नाही सांगणार."

"अगं, सांग की!"

"तोंड माझं आहे. नाही सांगणार."

इथं या घराची रीत सांगायला हवी. सासरा सुनेशी थेट बोलत नसे, सून सासऱ्यासमोर येत नसे. दोघं चार हातांवर असली तरी बोलणं सासूबाईंच्या तोंडून जायचं. "तिला विचार, चहात आलं घातलंय का." "अहो, म्हणतेय, आलं घातलंय." तीन वर्षं हे टपाल बिनबोभाट चाललं होतं. आज टपालवालीनंच संप केला.

दत्ताजीरावांनी इकडंतिकडं पाहिलं. मग ओसरीच्या खांबाकडं तोंड केलं.

"ऐक रे खांबा."

"अगोबाई!"

"मी खांबाशी बोलतोय, तू मधे पडू नकोस. खांबा, तंग कसा बांधायचा ते नीट बघून घे." त्यांनी कोपऱ्यातली गादीची वळकटी ओढली, आडवी टाकली आणि तिच्यावर तंग चढवला. "हा इथं, पुढच्या बाजूला, छातीच्या मागं. बक्कल डाव्या हाताला. एकदम आवळायचा नाही. लबाड घोडी पोट फुगवून उभी राहते. थांबायचं. तिनं श्वास सोडला की मग दोन भोकं पुढं. कळलं?"

"खांब पोटुशी नाही!" विजयमालाबाई ओरडल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या.

दाराआड बांगड्या एकदाच वाजल्या. म्हणजे कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी खुंटी रिकामी होती. दत्ताजीरावांनी ती पाहिली, खाकरले, आणि विजयमालाबाईंच्या नजरेला पडू नये म्हणून तिच्यावर आपला फेटा अडकवून ठेवला.

शाळेत नकाशे ठेवायच्या खोलीत कुसुमनं दार लावून तंग बांधला. वळकटीवर पाहिला होता तसाच. वर, छातीखाली, पोटाच्या घुमटावरून. श्वास सोडला, दोन भोकं पुढं. वरून पदर. आरशात पाहायला आरसा नव्हता. हिंदुस्थानचा नकाशा तेवढा समोर होता.

पहिली दहा मिनिटं नव्यानं काहीतरी केल्याचा आनंद होता, त्यात कळ जाणवली नाही. मग पाढे सुरू झाले.

"एकोणतीस एके एकोणतीस," कुसुम म्हणाली.

"एकोणतीस एके एकोणतीस!" चाळीस मुली म्हणाल्या.

"एकोणतीस दुणे... अठ्ठावन्न."

"एकोणतीस दुणे अठ्ठावन्न!"

"एकोणतीस त्रिक... स... सत्त्या..."

पहिल्या बाकावरची अहल्या उभी राहिली. ही मुलगी वर्गाची कोतवाल होती, कुणी नेमलेली नसताना. "बाई, तुमचा आवाज बारीक झालाय."

"खाली बस, अहल्या."

"बाई, तुम्हीच बसा. तुम्ही पांढऱ्या दिसताय."

कुसुम बसली. वर पोट, खाली पोट आणि मधे दत्ताजीरावांची दोन भोकं. मोठ्या बाई आल्या, पाणी आलं, कुणीतरी टांगा आणला. टांग्यातून उतरताना कुसुमच्या हातात पिशवी होती आणि पिशवीतून तंगाचं बक्कल लोंबत होतं.

विजयमालाबाईंनी आधी सून पाहिली. मग बक्कल पाहिलं. मग नवरा पाहिला.

"शुक्रवारी," त्या अगदी शांतपणे म्हणाल्या. त्या शांत झाल्या की घरातली मांजरंसुद्धा जागा सोडायची. "पुढच्या शुक्रवारी मानसिंग रजा काढून येईल. वाईची गाडी. यावर आता कुणी बोलायचं नाही. खांबाशीही नाही."

कुसुमच्या डोळ्यांत पाणी आलं. कळेचं नव्हतं ते. अठरातले सतरा दिवस उरले होते आणि तिला त्यातले सातच मिळणार होते.

संध्याकाळी जीवीबा आली. जीवीबा सुईण. गुजराती, ठेंगणी, हाताची बोटं लाटण्यासारखी. मांडवीपासून बाबाजीपुऱ्यापर्यंतची निम्मी माणसं तिच्या हातांतून जगात आलेली, त्यामुळं ती कुणालाच मान द्यायची नाही. दर शुक्रवारी तेल लावायला यायची. आज विजयमालाबाईंनी तिला दारातच धरलं.

"जीवीबा, तुम्हीच सांगा हिला. घोडीचा तंग बांधला की बारा महिने राहतं की नाही?"

"पहेलां मने जोवा दो," जीवीबा म्हणाली. "आधी बघू तर दे, बेन."

तिनं कुसुमला डाव्या कुशीवर निजवलं, दोन गुडघ्यांच्या मधे उशी घातली, गरम वाळूची पुरचुंडी कमरेला लावली. कुसुमनं तीन आठवड्यांत पहिल्यांदा मोठा उसासा सोडला.

"हा पट्टो कुठं बांधला होता?"

कुसुमनं छातीखाली हात ठेवला.

"अरे राम! कोणी शिकवलं?"

 बाहेरून ओसरीवरून आवाज आला, "घोडीला तिथंच बांधतात."

"काका," जीवीबानं बसल्या जागेवरून आवाज चढवला, "घोडी चार पायांवर चालते. तिचं पोट चार खांबांच्या मधे झोळीसारखं लटकतं. अमारी बाई दोन पायांवर चालते. सगळा भार जाय छे क्यां, जातो कुठं? इथं!" तिनं कुसुमला उभं केलं, मागं उभी राहिली, आणि दोन्ही हात पुढं नेऊन पोटाच्या खालून, अगदी खालून, माकडहाडाच्या उंचीवर, एकमेकांत गुंफले. मग पोट दोन बोटं वर उचललं. तेवढंच.

कुसुमचा चेहरा बदलला. खिळा कुणीतरी काढून घेतला होता.

"सोडू?" जीवीबानं विचारलं.

"नको!"

"सोडू?"

"नको ना, जीवीबा!"

जीवीबानं सोडलं. कुसुमच्या भुवया पुन्हा जवळ आल्या. हे सगळं विजयमालाबाईंनी समोर उभं राहून पाहिलं. डोळ्यांदेखत पाहिलेलं नाकारता येईना, म्हणून त्या दुसरीकडं पाहायला लागल्या.

"झोळी खालून धरायची," जीवीबा म्हणाली. "वरून दाबायची नाही. पट्टो सारो छे, चांगला आहे. जागा खोटी छे."

"पण घोडीचा नाही बांधायचा!" विजयमालाबाईंना धागा सापडला. "काही झालं तरी घोडीचा नाही. माझं नातवंड नऊ महिन्यांनी यायला हवं, अकरा नाही."

"मग निवारीचा बांध. तेच सूत. पलंगाची निवार काढ. पलंगाला कधी पोर झालेलं ऐकलंय?"

तेवढ्यात आतल्या खोलीतून फर्रर्र असा आवाज यायला लागला. सगळ्या आत धावल्या. दत्ताजीराव पलंगाची निवार सोडत होते. कुसुमनं पडून राहावं म्हणून खास तिच्यासाठी लावलेल्या पलंगाची. अर्धी सुटली होती.

"अहो! आता ती झोपणार कशावर?"

"जमीन आहे की," दत्ताजीराव म्हणाले, आणि सून समोर आहे हे ध्यानात येऊन खांबाला शोधू लागले. आतल्या खोलीत खांब नव्हता. ते निवारीचं भेंडोळं घेऊन पाठमोरे बाहेर गेले.

"सारूं," जीवीबा तेल चोळत म्हणाली. "जाड गादी घालून जमिनीवर झोपू दे. आणि रोज थोडं चालू दे. आडवी पडून पट्टो बांधायचा, मग उठायचं. झालं."

विजयमालाबाईंनी तेलाची वाटी बाजूला सारली. सुनेकडं पाहिलं. "बुधवार," त्या म्हणाल्या. "बुधवारी शाळेतून येताना हिचा चेहरा मी बघेन. आजच्यासारखा दिसला, तर शुक्रवारची गाडी."

निवारीचा पट्टा दत्ताजीरावांनी रात्रीच्या जेवणाआधी शिवला. हातभर रुंद नव्हे, वीतभर. पण निवार गाठीत घसरते. दोनदा बांधून पाहिल्यावर त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी आजूबाजूला पाहिलं, हिरकणीच्या तंगाची दोन्ही बक्कलं उसवली, पट्ट्याच्या टोकाला शिवली आणि वर जुन्या धोतराच्या कापडाचा पदर टाचून टाकला. बाहेरून बघणाराला पट्टा निव्वळ पलंगाचा होता. बिनबक्कलांचा तंग पुन्हा खुंटीवर गेला, फेट्याखाली. कुसुमला पट्टा मिळाला तेव्हा तिनं कापड बोटांनी चाचपलं, आत लोखंड लागलं, आणि तिनं आईसाहेबांना काही सांगितलं नाही. सांगायची रीतच नव्हती ना.

पट्ट्यानं निम्मं काम केलं. चालताना कळ गेली. पण दोन तास उभं राहिलं की ती परत यायची, आधी उजव्या बाजूला, मग पाठभर. रविवारी दुपारी कुसुम दाराशी शेंगा निवडत बसली होती आणि ओसरीवर दत्ताजीराव खांबाजवळ आले.

"ऐक रे खांबा. घोडं उभ्या उभ्या सगळा दिवस काढतं. उभंच झोपतं. कसं, माहीत आहे? नीट बघ कधी. चारही पायांवर भार कधीच ठेवत नाही. मागचा एक पाय ढिला सोडतं, नुसतं खुराचं टोक टेकवतं. तो दमला की बदलतं. हा, मग तो. आयुष्यात एवढं एक मला आधी सुचलं असतं..." ते थांबले. "जाऊ दे. तू काय, तुला एकच पाय आहे."

सोमवारी कुसुम शाळेत जाताना पिशवीतून देवघरातला जुना छोटा पाट घेऊन गेली. वीतभर उंचीचा. फळ्यापाशी ठेवला. डावा पाय पाटावर, उजवा जमिनीवर. एक पाढा झाला की बदल. उजवा पाटावर, डावा जमिनीवर. मुली टक लावून बघत होत्या. मुलींपासून काही लपवायचं नाही, असा तिचा बाणा होता. तिनं घोड्याची गोष्ट सांगून टाकली. त्या दिवशी मधल्या सुट्टीत चाळीस मुली भिंतीला टेकून एक पाय ढिला सोडून उभ्या होत्या.

बुधवारी विजयमालाबाई दारातच पाट मांडून बसल्या होत्या. कुसुम आली. चालत आली, टांग्यानं नाही. लेहरीपुरा दरवाजापाशी थांबून तिनं शेव घेतली होती आणि वाटेत पदराआड निम्मी खाल्ली होती.

"आईसाहेब, भूक लागलीये. काही आहे का?"

सासूबाईंनी चेहरा पाहिला. उजव्या बाजूनं पाहिला, डाव्या बाजूनं पाहिला. ओठाला शेवेचा कण चिकटला होता.

"हातपाय धू," त्या म्हणाल्या. "थालीपीठ लावते."

शुक्रवारी मानसिंगराव रजा काढून आले. बेत मोडल्याचा निरोप त्यांना कुणीच पाठवला नव्हता. थालीपीठ त्यांनाही मिळालं आणि शनिवारी-रविवारी घरीच राहा, असं सांगण्यात आलं. रविवारी सातवा संपला. वाईला पत्र गेलं की आठवा लागला, आता प्रवास नको, आईनंच इकडं यावं.

आणि मग, आणखी आठ दिवसांनी, तो सोमवार. डिपोटीसाहेब म्हणजे जाड काळा कोट, त्याहून जाड मिशा, हातात छडी नव्हे पण असल्यासारखा हात. साहेब वर्गात असताना बाईनं बसायचं नाही, असा शिरस्ता. साहेब खुर्चीवर. कुसुम फळ्यापाशी, पदराखाली निवारीचा पट्टा, डावा पाय पाटावर.

वाचन झालं. शुद्धलेखन झालं. पाढे झाले, एकोणतीसचा यावेळी थेट दोनशे नव्वदपर्यंत गेला. एक तास, दोन तास. उजवा पाय, डावा पाय. साहेबांची नजर नकाशावरून, मुलींवरून फिरत फिरत पाटावर येऊन थांबली.

"हा पाट कशासाठी?"

कुसुमनं तोंड उघडण्याआधी पहिल्या बाकावरून अहल्या उभी.

"साहेब, आमच्या बाई घोड्यासारख्या उभ्या राहतात."

 कुसुमच्या कानांच्या पाळ्या तापल्या. गेलं, ती मनात म्हणाली. सतरा दिवस, निवार, बक्कल, सगळं गेलं.

"घोड्यासारख्या म्हणजे?"

"म्हणजे घोडं दमत नाही ना, साहेब. एक पाय ढिला सोडतं. मग दुसरा सोडतं. असा." अहल्यानं बाकाबाहेर येऊन करून दाखवलं. "म्हणून बाई शाळा चुकवत नाहीत."

साहेबांनी अहल्याकडं पाहिलं, कुसुमकडं पाहिलं, मग मान खाली घालून वहीत काहीतरी लिहिलं. लिहिताना मिशा हलत होत्या. पुढचा तास भूगोलाचा झाला. गुजराथेतल्या नद्या विचारल्या, विश्वामित्री कुठं उगम पावते ते विचारलं. चाळीस हात वर.

तपासणी संपली. साहेब निघाले, दारापर्यंत गेले, मोठ्या बाईंना नमस्कार झाला. मग ते एकटेच परत वर्गात आले आणि आवाज खाली करून म्हणाले, "बाई, एक विचारू? आमच्या घरी... म्हणजे माझ्या पत्नीची कंबर... पाट किती उंच असावा?"

"वीतभर, साहेब," कुसुम म्हणाली. "आणि पट्टा खालून. वरून नाही."

पंधरा दिवसांनी हुकूम आला. कुसुमावती मानसिंगराव जगदाळे, तिसरी इयत्ता, कायम. दत्ताजीरावांनी तो खांबाला मोठ्यानं वाचून दाखवला. दोनदा.

विजयमालाबाई मात्र भिंतीवर कोळशानं रेघा मारत होत्या. मनातून त्यांची भीती गेली नव्हती. पट्ट्याला त्या तंगच म्हणायच्या. अक्षय्य तृतीयेचा हिशेब त्यांनी धरला होता आणि त्यापुढं एकेक दिवस जाईल तसतशी नवऱ्याला काय काय सुनवायचं, तेही तयार ठेवलं होतं. त्यातलं काहीच कामाला आलं नाही. चैत्र वद्य द्वादशीला, सहा दिवस आधीच, जीवीबाच्या हातात मुलगी आली. आवाज असा, की जीवीबा म्हणाली, आ तो मास्तरीण थशे, ही मास्तरीणच होणार.

वाईची आई सव्वा महिना राहिली आणि गेली. श्रावणात कुसुमला शाळेत हजर व्हायचं होतं. हजर झाली नाही तर कायमची नोकरी कायमची जाणार. घरात हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण विचारायचं कुणी? पोर कोण बघणार, हा प्रश्न दोन महिने माजघरात आणि ओसरीत फिरत होता. दत्ताजीरावांनी एकदा खांबाला विचारून पाहिलं. विजयमालाबाई म्हणाल्या, "खांबाला पाजता येतं का विचारा." त्यात हो नव्हतं, नाही पण नव्हतं.

हजर व्हायच्या दिवशी कुसुम साडेनऊला दाराशी आली. पोर हातात, डोळे सासूबाईंच्या चेहऱ्यावर. विजयमालाबाईंनी चुलीपुढून उठून हात पुसले, पोर तिच्या हातातून काढून आपल्या कडेवर घेतलं आणि म्हणाल्या, "मधल्या सुट्टीत पाजायला ये. उशीर केलास तर बघ."

झालं. एवढ्यावर सगळं मिटलं.

पोर गुटगुटीत होतं. दिवसभर कडेवर. विजयमालाबाई पन्नाशीच्या. भाद्रपद लागला तशा त्या उठताना गुडघ्यावर हात ठेवायला लागल्या, आणि मग कमरेवर. कुसुमनं विचारलं, दत्ताजीरावांनी विचारलं. "काही नाही," त्या दोघांनाही म्हणाल्या, वेगवेगळ्या आवाजात.

एका सकाळी कुसुम शाळेला गेली होती. दत्ताजीराव ओसरीवर फेटा काढायला गेले आणि थांबले. कुसुमनं बाळंतपणानंतर निवारीचा पट्टा धुऊन, घडी करून, तंगाशेजारच्या खुंटीवर टांगला होता. तंग होता. पट्टा नव्हता.

त्यांनी माजघरात डोकावलं. विजयमालाबाई ताक घुसळत उभ्या होत्या. पोर जुन्या लुगड्याच्या झोळीत, कडेवर बांधलेलं. लुगड्यावरून कमरेखाली काहीतरी वीतभर रुंद आवळलेलं. कापडाचा पदर एका बाजूला निघाला होता आणि त्यातून बक्कल चमकत होतं. म्हणजे बांधताना हाताला लागलंच असणार. उजवा पाय जमिनीवर. डावा, पाटावर, ढिला.

दत्ताजीराव चौकटीला टेकले. ताकाची रवी घरर घरर फिरत होती. मग बाईंनी पाय बदलला. उजवा पाटावर, डावा जमिनीवर.

"हिरकणी अशीच उभी राहायची," ते म्हणाले.

रवी थांबली.

"ते बक्कल कुणाचं आहे, ठाऊक आहे ना?"

विजयमालाबाईंनी पदर सारखा केला.

"कुणाच्या कमरेला कुणाचा तंग, असं काहीतरी तू म्हणत होतीस ना गं त्या दिवशी? आं? आता अकरा महिने मोजू का मी?"

बाईंनी नातीला दुसऱ्या कडेवर घेतलं. बाहेर रावपुऱ्याकडून शाळेची घंटा ऐकू आली. आणखी तासाभरानं मधली सुट्टी, नातीला घेऊन रावपुऱ्याच्या वाटेवर निम्म्यात जायचं, म्हणजे कुसुमचा वेळ वाचतो, असं त्यांनी चार दिवसांपासून कुणाला न सांगता सुरू केलं होतं. त्यांनी ओसरीवर येऊन खांबावरून, नवऱ्यावरून, खुंटीवरून नजर फिरवली, तासभर आधीच चपला घातल्या, आणि ताठ पाठीनं, पोरीला घेऊन, तरातरा पायऱ्या उतरून निघून गेल्या.